राखाडी पुठ्ठा

मला राखाडी रंग आवडतो हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. साडीच्या दुकानात मी राखाडी साडीवर हात ठेवला की बरोबरची बाई म्हणते, अहो, हा काय रंग, मरगळलेला. मी हात उचलते आणि पुन्हा तिथेच ठेवते. या रंगासाठी मी एकदा घरात भांडले होते. भांडले म्हणजे थोडीशीच वाक्यं बोलले, पण त्याआधी दादापुढे मी एवढंही कधी बोलले नव्हते. ते लिहून ठेवावंसं वाटतं. चौथी शिकलेल्या बाईचं लिहिणं आहे आणि कोणाला दाखवायचं नाही, तेव्हा चुकलं तर माझं मला चुकलं.

सदाशिव पेठेत आमचं बिऱ्हाड होतं. रस्त्याकडच्या खोलीत वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, फोटो स्टुडिओ, त्यामागे दोन खोल्यांत आम्ही आणि सगळ्यात मागे फरशीचं अंगण. अण्णांनी न्हाणीघर आतून काळं रंगवून, खिडकीवर घोंगडी ठोकून त्याची डार्करूम केली होती आणि आम्ही माणसं अंगणात पत्र्याच्या आडोशाला आंघोळ करत होतो. आई म्हणायची, "या घरात माणसांपेक्षा फोटोंना जास्त पाणी मिळतं." ते खरंच होतं. सकाळी नळ आला की पहिली धार फोटोंच्या हौदात सोडायची, मग पिण्याचं, मग बाकीचं. फोटोवरचा हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं औषध, नीट धुतला गेला नाही तर काही वर्षांनी माणसं पिवळी पडतात. हायपोचा आंबूस वास घरभर असायचा. आई आमटीला फोडणी देताना हिंग जरा जास्तच टाकायची, वासाला वासाने उत्तर म्हणून. अंगणातल्या तारेवर चिमटे लावून फोटो वाळत असत आणि त्याच तारेखाली उन्हाळ्यात आईचे सांडगे. ऊन चढलं की फोटोंचे कागद कडेने वळायला लागत आणि त्यांचा बारीक कुरकुर आवाज येई. दुपारी सगळी पेठ झोपलेली असताना तो आवाज मला फार आवडायचा.

माझी शाळा चौथीनंतर सुटली ती गरिबीमुळे नाही. मला बोलता येत नव्हतं. म्हणजे मुकी नव्हते, पण बाईंनी उभं केलं की आवाज कुठेतरी जाऊन बसायचा. पाढे तिसापर्यंत पाठ होते, पावकी, निमकी, अडीचकीसुद्धा, पण वर्गात त्यातला एकही तोंडातून निघाला नाही. चौथीच्या शेवटी आईने शाळेतून काढून घेतलं आणि अण्णांनी मला डार्करूममध्ये उभं केलं. तिथे मी पाढे मोठ्याने म्हणू लागले. एन्लार्जरचा, म्हणजे निगेटिव्ह कागदावर मोठं पाडायच्या यंत्राचा, दिवा लावला की पाढा सुरू करायचा आणि तो संपला की दिवा बंद. साध्या निगेटिव्हला बाराचा पाढा पुरायचा, जरा दाट असेल तर म्हणायला लांब पडणारा एकोणीसचा. घड्याळ होतं, पण ते बघायला मान वळवावी लागायची. आई स्वयंपाकघरातून माझा पाढा ऐकायची आणि तो लांबला की म्हणायची, "आज बराच अंधार दिसतोय."

त्या खोलीत मला कोणाची भीती वाटत नसे. सतरा-अठराची झाले तरी दुकानात गिऱ्हाईक असेल तर मी घर आणि दुकान यांच्यामधल्या पडद्याबाहेर जात नव्हते. पण गावातले कितीतरी चेहरे मला पाठ होते. मी त्यांना आधी निगेटिव्हमध्ये बघायची, जिथे काळे केस पांढरे दिसतात आणि गोरं कपाळ काळं. कागद डेव्हलपरच्या थाळीत हलवत राहिलं की माणूस हळूहळू सुलटा होत यायचा. आधी भुवया, मग नाकपुड्या, मग ओठांमधली रेघ. कोणाचं नाव मला ठाऊक नसायचं. ती खोली माझी होती, एवढंच मला त्या वयात माझं म्हणता येत होतं. पुढे जे झालं ते त्या खोलीवरूनच झालं, म्हणून हे आधी सांगितलं.

अण्णा उजेड नुसत्या डोळ्यांनी मापायचे. अंगणात उभं राहून एकदा वर बघायचे, एकदा माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि कॅमेऱ्यावर आकडा लावायचे. त्यांना मोतीबिंदू झाला तेव्हा कॅमेरा दादाकडे आला. दादा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, मॅट्रिक झालेला, बोलायला तरतरीत. त्याने एक लाइट मीटर आणला. तळहातावर मावणारी डबी, पुढे काचेची जाळी आणि वर आकड्यांवर हलणारी सुई. त्या आकड्यांना आम्ही घरं म्हणायचो. एक घर वर गेलं की उजेड दुप्पट, एक खाली आलं की निम्मा. दादा ती डबी गळ्यात अडकवून हिंडायचा. अण्णा म्हणायचे, "अरे, चेहऱ्याकडे बघ जरा." दादा म्हणायचा, "अण्णा, तुम्हाला आता चेहरा दिसत नाही आणि सुईला दिसतो. मी कोणाचं ऐकू?" अण्णा खुर्चीत मागे टेकायचे आणि चष्मा पुसायचे. तो पुसून काही फरक पडत नव्हता.

त्या वर्षी एका इस्पितळातल्या शिकाऊ नर्सांचे फोटो काढायचं काम आम्हाला मिळालं. वर्गातल्या सगळ्या मुलींचे एकेक ओळखपत्राचे फोटो. दादाने अंगणाची भिंत मुद्दाम ताज्या चुन्याने पांढरी करून घेतली. मुली आल्या, पांढऱ्या साड्या, पांढरी लांब बाह्यांची पोलकी, डोक्यावर पांढऱ्या टोप्या. पांढऱ्या भिंतीपुढे पांढऱ्या कपड्यांत बसवून दादाने मीटर समोर धरला, सुई भराभर वर गेली, दादा खूश झाला. "काय उजेड आहे," म्हणाला आणि उजेड जास्त म्हणून कॅमेऱ्याचं भोक लहान केलं.

फिल्म धुतल्यावर मी दिव्यासमोर धरली. साड्या बऱ्या आल्या होत्या. चेहऱ्यांच्या जागी फिल्म जवळजवळ कोऱ्या काचेसारखी. ज्या मुली उजळ होत्या त्यांचे डोळे-नाक तरी होते. सावळ्या मुलींचं काही नव्हतंच. मी कागदावर आणायचा प्रयत्न केला, पाढा निम्म्यावर तोडला, तर चेहरा जरा करडा झाला आणि साडी भिंतीत मिसळून गेली, नुसतं मुंडकं तरंगत राहिलं. पाढा पूर्ण केला तर टोपीखाली शाईचा डाग. निगेटिव्हवरच नाही ते मी कागदावर कुठून आणणार? दादाला म्हणाले असते, पण म्हणाले नाही. फोटो तसेच गेले.

ते परत आले. तीन मुली ते घेऊन दुकानात आल्या तेव्हा मी पडद्यामागे होते. त्यातली एक शेवंता. कात्रजच्या पलीकडच्या गावातली, शेतकऱ्याची मुलगी, तिच्या घरातून शिकायला बाहेर पडलेली पहिलीच. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त तिचा आवाज ऐकू आला.

"भाऊ, यात मी कुठं हाय तेवढं दाखवा."

"टोपीखाली बघा," दादा म्हणाला.

"टोपी दिसती. टोपीला परीक्षेला बसवायचं हाय का? हापिसात म्हनले, वळख पटत न्हाई, दुसरा फोटू आना, न्हाईतर नाव चढायचं न्हाई."

"हे बघा बाई, कॅमेरा काही पदरचं घालत नाही. समोर जे असतं ते येतं."

बरोबरच्या दोघी दाराकडे वळल्या. शेवंता वळली नाही. "आमच्या म्हशीचा फोटू काढला हुता विम्यावाल्यानं," ती म्हणाली. "ती माझ्यापरीस काळी हाय. तिचं डोळं, शिंगं, समदं वळखू येतं. त्यो कुठला कॅमेरा हुता म्हनायचा?"

दादाने फोटो पुन्हा पाकिटात सरकवले. तो म्हणाला, "पुढच्या रविवारी सगळ्यांचे पुन्हा काढून देतो. फक्त येताना पावडर लावून या. चांगली जाड. म्हणजे प्रश्नच मिटला."

"मी पावडर लावनार न्हाई," शेवंता म्हणाली.

"मग फोटोही येणार नाही."

मी पडद्याची कड धरून उभी होते. मलाही पावडर लावली होती. वर्षापूर्वी, बघायला येणाऱ्यांकडे पाठवायला माझा एक फोटो दादाने काढला होता, आईने पावडरचा डबा अर्धा रिकामा केला होता आणि उरलेलं काम दादाने निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने केलं होतं. तो फोटो माझ्याच हातांनी मी धुतला. थाळीत हलवत राहिले आणि वाट बघत राहिले की आता मी येईन. कोणीतरी दुसरीच आली. ते स्थळ जमलं नाही याचं मला वाईट वाटलं नव्हतं. त्या बाईला नाकारलं होतं, मला नाही.

माझी नात आता फोनमध्ये माझे फोटो काढते. तो फोन कोणाला न विचारता मला उजळ करतो, सुरकुत्या पुसतो. मी म्हणते, पुन्हा काढ. ती म्हणते, आजी, छान तर आलाय. मी म्हणते, तुझ्या फोनला आलाय.

त्या मुली येऊन गेल्या त्याच संध्याकाळी नानासाहेब आले. हे आमचे जुने गिऱ्हाईक, पेन्शनीत निघालेले, हौसेने फोटो काढणारे आणि फिल्म धुवायला टाकून तासभर बोलत बसणारे. दादाने त्यांना नर्सांची गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली. नानासाहेबांनी ते फोटो बघितले आणि म्हणाले, "तुमची सुई हुशार आहे हो, पण आंधळी आहे."

"आंधळी असती तर कंपनीने विकली असती का?"

"कंपनी सुई विकते, डोळे विकत नाही." मग ते सांगू लागले आणि मी पडद्यामागे कान देऊन उभी राहिले. सुईला वाटतं जगात जे काही आहे ते मध्यम राखाडी. पांढरी भिंत दाखवा, ती म्हणणार राखाडीवर फार उजेड पडलाय, कमी करा. कोळसा दाखवा, म्हणणार राखाडीवर उजेड कमी आहे, वाढवा. म्हणून परदेशात एक राखाडी पुठ्ठा मिळतो. माणसाच्या चेहऱ्याशी धरायचा, सुई त्याच्यावर लावायची, जे घर येईल ते कॅमेऱ्यावर लावायचं. मग गोरा गोरा येतो, काळा काळा येतो, पांढरं पांढरं येतं.

"आणि राखाडी म्हणजे किती राखाडी?" दादाने विचारलं, चेष्टेनेच.

"पांढऱ्या कागदावर सुई जिथे जाते त्याच्या अडीच घरं खाली. जरा कमीच, पण अडीच धरा."

"इथे मिळतो का?"

"मिळाला असता तर विकत घेऊन आलो असतो. तुम्हाला उपदेश करत बसलो असतो का?"

दादा हसला. ते गेल्यावर म्हणाला, "पुठ्ठ्याने फोटो येणार म्हणे." आणि पावडरचे दोन डबे आणायला निघून गेला.

आमचं दुकान दुपारी एक ते चार बंद असे. जेवण झालं की दादा घोरत पडायचा आणि मीटर खुंटीला. मी दुसऱ्या दिवशी दुपारी मीटर घेऊन अंगणात गेले. पहिल्यांदा मी बाईमाणसाला सुचेल तसं केलं. भिंतीचा उरलेला चुना घेतला, कंदिलाच्या काचेची काजळी घेतली, खळ घातली आणि फोटोच्या कागदाच्या रिकाम्या खोक्याचं झाकण रंगवलं. ओलं असताना सुंदर राखाडी दिसत होतं. वाळल्यावर पांढरं झालं. दरवर्षी दसऱ्याला घर सारवणारी, भिंती रंगवणारी मी, चुना वाळून उजळतो हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं, पण डोक्यात आलं नाही. काजळी वाढवली तर ती तरंगून वर आली आणि झाकणावर ढग उठले. सुई एका कोपऱ्यात एक घर सांगायची, दुसऱ्या कोपऱ्यात दुसरं. हात कोपरापर्यंत काळे झाले. आई म्हणाली, "कंदील पुसलास वाटतं. बरं केलंस." मी हो म्हणाले.

ते खूळ सोडून द्यावं असं मला वाटलं होतं. मग फोटो धुता धुता लक्षात आलं की मी रोज राखाडीच बनवते. फोटोचा कागद म्हणजे आणखी काय आहे? निगेटिव्ह न घालता नुसता दिवा पाडला तर सगळा कागद एकसारखा काळवंडतो, थोडा पाडला तर थोडा. म्हणजे किती पाढा म्हणायचा एवढंच शोधायचं. मी एका कागदाच्या पट्ट्या केल्या. एकीला दोनाचा पाढा, एकीला तिनाचा, एकीला चाराचा. चाराच्या पाढ्याला पट्टी काळी झाली. इथे पुन्हा चुकले. हाताशी होता तो चकचकीत कागद वापरला. पट्ट्या वाळल्या, अंगणात नेल्या, तर जरा तिरपा धरला की सुई उडी मारायची. चकाकीत आकाश दिसत होतं, सुई आकाश मोजत होती. मग कपाटातला खरखरीत मॅट कागद घेतला, जो लग्नाच्या मोठ्या फोटोंसाठी राखून ठेवलेला असे आणि ज्याला मी विचारल्याशिवाय हात लावायचा नव्हता.

मॅट कागद ओला असताना हवा तसा आला. मी तो तारेवर टांगला आणि खाली उभी राहून बघत होते. अण्णा भिंतीला धरत धरत अंगणात आले. त्यांना मी काय करते ते दिसत नव्हतं असं मी धरून चालले होते. ते म्हणाले, "वाळू दे. चुना वाळून उजळतो, फोटो वाळून गडद होतो. वाळल्याशिवाय मापू नकोस."

"अण्णा, तुम्हाला दिसतंय?"

"चेहरे दिसत नाहीत. उजेड-अंधार दिसतो अजून." ते तिथेच पायरीवर बसले. दादाला सांगणार का, हे मी विचारलं नाही.

वाळल्यावर तो कागद तीन घरं खाली गेला, म्हणजे जास्तच गडद. पुढच्या वेळी पाढा शेवटापर्यंत न नेता आधीच तोडला. असे बरेच कागद गेले, ते मी चुलीत घातले. शेवटी एक असा वाळला की कोऱ्या मॅट कागदावर सुई जिथे जायची त्याच्या अडीच घरांच्या जरा वर ती थांबली, चारी कोपऱ्यांत तीच, मधेही तीच. नानासाहेब जरा कमीच म्हणाले होते, ते मी धरलं. तो कागद मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर खळीने चिकटवला आणि वर पाटा ठेवून दाबला. संध्याकाळी आईला पाटा हवा होता. ती म्हणाली, "चटणी वाटू का नको?" मी म्हणाले, "आज नको." आईने माझ्याकडे बघितलं आणि कैरीच्या फोडींना तसंच तिखट-मीठ लावून वाढलं.

रविवारी मुली आल्या. अंगणात बाकावर रांगेने बसल्या आणि पावडरचा डबा हातोहात फिरू लागला. काहींना हसू येत होतं, काही शांतपणे लावत होत्या, जशी देवळात अंगारा लावायची वेळ यावी. पावडर चेहऱ्यावर बसली, पण कान आणि मान होती तशीच राहिली, त्यामुळे चेहरे उसने आणल्यासारखे दिसत होते. शेवंताकडे डबा आला तेव्हा तिने तो शेजारणीला दिला. दादाने ते बघितलं. पहिल्यांदा तिलाच स्टुलावर बसवलं, म्हणजे बाकीच्यांना न लावल्याचं फळ दिसेल, असं त्याचं असावं. मीटर गळ्यातून काढून त्याने समोर धरला.

मी पुठ्ठा घेऊन मागच्या दारातून बाहेर आले. अंगण केवढं लांब वाटलं ते सांगता येत नाही. शेवंताच्या स्टुलाशी गेले आणि पुठ्ठा तिच्या गालाशी धरला.

"कुसुम, आत जा," दादा म्हणाला.

मी गेले नाही.

"हे काय आहे?"

"याच्यावर सुई लाव," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण बसलेला.

"नानासाहेबांचं खूळ. कुठून आणलंस?"

"केलं."

दादाने पुठ्ठा बघितला, कागद ओळखला. "मॅटचा कागद फाडलास?" मग मुलींकडे बघून हसून म्हणाला, "आमची बहीण. चौथी पास. आता ही मला फोटोग्राफी शिकवणार."

कोणी हसलं नाही. शेवंता मान न हलवता म्हणाली, "मी पन चौथीपातूर गावातच शिकले. पुढं दुसऱ्या गावाला चालत जावं लागायचं, तर चालत गेले."

"कुसुम, बाजूला हो. मला काम आहे."

मी हलले नाही. मला वाद घालता येत नव्हता, उभं राहता येत होतं. पुठ्ठा दोन्ही हातांनी धरला. दादा कॅमेऱ्याशी गेला, परत आला. त्याला फोटो काढायचा तर माझा काढावा लागला असता. अखेर तो पुढे आला, पुठ्ठ्याजवळ मीटर नेला आणि सुई बघितली. मघापेक्षा दोन घरं खाली होती.

"एवढं उघडलं तर साडी जळून जाईल, नुसता पांढरा डाग येईल," तो म्हणाला.

"साडी परीक्षेला बसणार नाही."

हे मी म्हणाले. मला ते सुचलं नव्हतं, शेवंताच्याच बोलण्यातलं होतं, पण माझ्या तोंडून निघालं. बाकावरच्या मुलींनी एकमेकींकडे बघितलं. दादाचा चेहरा उतरला नाही, उलट शांत झाला, आणि तो असा शांत झाला की घरात सगळे घाबरायचे.

"ठीक. हिचा एकीचा तुझ्या पुठ्ठ्याने काढतो. बाकीच्यांचा माझ्या पद्धतीने. हिचा बिघडला तर उद्यापासून तू डार्करूममध्ये पाऊल टाकायचं नाहीस. मी माणूस ठेवीन. चालेल?"

ती खोली सोडली तर माझ्याकडे काय होतं? स्वयंपाकघर आणि कुठलंसं स्थळ. शेवंता डोळे वर करून माझ्याकडे बघत होती. एवढ्या जवळून कोणाचा चेहरा मी उजेडात कधी बघितला नव्हता. हनुवटीवर तिला हिरवं गोंदण होतं, तीन ठिपके.

"चालेल," मी म्हणाले.

दुपारी कोणी झोपलं नाही. मी फिल्म धुऊन बाहेर आणली तेव्हा दादा दाराशीच उभा होता. त्याने ती उजेडात धरली आणि शेवंताच्या चौकटीवर बोट ठेवलं. तिची साडी निगेटिव्हमध्ये डांबरासारखी दाट आली होती. "काळा ठोकळा," तो म्हणाला. "सांगितलं होतं." आणि निघून गेला. मला साडी दिसत नव्हती. मी चेहऱ्याच्या जागी बघत होते आणि तिथे काच कोरी नव्हती.

आत जाऊन मी कडी लावली. बाराचा पाढा म्हटला, अपुरा पडला. एकोणीसचा म्हटला. चेहऱ्याचं भागल्यावर दुसऱ्या एका पुठ्ठ्याला भोक पाडून फक्त साडीवर आणखी उजेड दिला, तेव्हा सत्तावीसचा पाढा लागला, जो मी शाळा सुटल्यापासून म्हटला नव्हता आणि मधे दोनदा अडखळले. कागद थाळीत सोडला. आधी डोळे आले. मग नाकाची कड, गालाचं हाड, वरच्या ओठावरची बारीक लव. ती काळीच होती. काळ्या रंगातही केवढे रंग असतात. कपाळ वेगळं, डोळ्यांखालचं वेगळं, गळ्याचा खळगा वेगळा. शेवटी हनुवटीवरचे तीन ठिपके आले. साडीला निऱ्यासुद्धा होत्या.

त्यानंतर मी बाकीच्यांचे फोटो केले. पिठाचे गोळे आले, मान काळी आणि वर पीठ. सगळे एकाच तारेवर टांगले.

दादा तारेखालून एकेक फोटो बघत गेला आणि शेवंताच्या फोटोशी थांबला. त्याला फोटो कळत होते, त्याबद्दल मी कधी काही म्हणणार नाही. तो म्हणाला, "बरा आलाय." मग, "गोंदण तेवढं पुसून टाक. गाल जरा उजळ कर. तुला पेन्सिल चालवता येते."

"मी नाही करणार."

"लोकांना आवडतं, कुसुम. तुझ्या-माझ्या आवडीचा प्रश्न नाही."

"ओळख पटायची आहे ना? ती त्याच्यावरूनच पटेल."

तो पेन्सिल घेऊन स्वतः बसला असता तर मी काय केलं असतं, कोण जाणे. निगेटिव्ह माझ्या ओच्यात होतं. आई दारात येऊन म्हणाली, "चहा गार होतोय," आणि दादा चहाला गेला.

शेवंता फोटो न्यायला आली तेव्हा दादा गल्ल्यावर होता. मी पडद्याबाहेर येऊन तो पाकिटातून काढला आणि तिच्या हातात दिला.  ती तो उजेडाकडे धरून बघत राहिली. मग अंगठ्याने स्वतःची हनुवटी चाचपली आणि म्हणाली, "आईनं जत्रंत गोंदवलं हुतं. लई रडले हुते." बरोबरच्या मुलींनी आपापली पाकिटं उघडली, तिच्या फोटोकडे बघितलं, आपल्याकडे बघितलं. त्यातली एक, जी पहिल्या दिवशी एक शब्द बोलली नव्हती, तिने पाकीट दादापुढे सरकवलं. "आम्हाला असा पाहिजे," ती म्हणाली. दुसरीने सरकवलं. तिसरीने.

दादाने ती पाकिटं गोळा करून नीट एकावर एक ठेवली, कडा जुळवल्या. "रविवारी या," म्हणाला. त्यानंतर माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "तो पुठ्ठा दे इकडे."

"पुठ्ठा मी धरणार," मी म्हणाले.

"तू बाहेर येणार? सगळ्यांच्या समोर?"

"हो."

रविवारी ऊन कडक होतं. मुली धुतल्या तोंडाने आल्या होत्या. मी एकेकीच्या शेजारी उभी राहून तिच्या गालाशी पुठ्ठा धरत होते आणि माझा अर्धा चेहरा प्रत्येक वेळी कॅमेऱ्याच्या समोर येत होता. मला ते कळत होतं आणि मी मान वळवत नव्हते. एका मुलीच्या वेळी दादा मीटर न बघताच म्हणाला, "झालं, मघाचंच घर असेल, हो बाजूला."

"ढग आलाय," मी म्हणाले. "आधी सुई बघ."

त्याने बघितली.